लादिदीच्या पुस्तकातली थोरली

माझ्या हातचे चवळीचे वडे नायजेरियातल्या या कानो शहरात आता कुणी खात नाही. कारण काय, तर म्हणे मी विष घालते. कुणाला घातलं, कधी घातलं, मेलं कोण, हे कुणी विचारत नाही. पुस्तकात छापलंय, रेडिओवर वाचून दाखवलंय, मग झालं. मी असाबे, मालमची थोरली बायको. ते पुस्तक लिहिणारी माझी सवत लादिदी. आज मी तिच्याबद्दल सांगणार आहे, आणि गोड गोड सांगणार नाही. ज्याला गोड ऐकायचंय त्यानं तिचीच पुस्तकं वाचावीत. साबोन गारीच्या बाजारात ढिगानं पडली आहेत.

लादिदी या घरात आली तेव्हा तिला धड बाजरी कुटता येत नव्हती. मला मूल झालं नाही म्हणून मालमनी तिला आणली. मालम हे काही त्यांचं नाव नव्हे, गुरुजी म्हणावं तसं आदरानं म्हणायचं. नवऱ्याचं नाव मी घेत नाही, रागात असले तरी घेत नाही. ही पोर येणार आणि माझ्या उरावर बसणार, असं मला वाटलं होतं. कसलं काय. ही कोपऱ्यात बसून वाचायची. मैत्रिणींनी वाचून फाटलेली, पुढची पानं गेलेली, मागची पानं गेलेली प्रेमाची पुस्तकं. पुढची पानं नसली तर ही मनानंच रचून मला सांगायची. मी वडे तळत असायचे आणि ही शेजारी बसून, मग त्यानं तिला असं म्हटलं, मग ती अशी रडली. मी म्हणायचे, तेल तापलंय, लांब बस. पण खरं सांगते, ऐकायला मजा यायची.

मग मोहल्ल्यात बायकांचा वर्ग निघाला, तिथे जाऊन ती नीट लिहायला शिकली आणि वह्या भरायला लागली. चटईवर पाय पसरून बसायची आणि माझं उखळ पालथं घालून त्यावर वही ठेवायची. कुटायची वेळ झाली की उखळ हिच्या वहीखाली. हाक मारली तर ऐकू जायचं नाही. स्वतःशीच पुटपुटायची, डोळे पुसायची, मध्येच मान वर करून, ताई म्हणावं तसं याया म्हणून, विचारायची, "याया, विषानं माणूस किती वेळात मरतं?"

"तुला देऊन बघते, म्हणजे कळेल," मी म्हणायचे. हे वाक्यसुद्धा तिनं पुढे एका पुस्तकात घातलं, मेलीनं.

तिची सगळी पुस्तकं एकाच पिठाची. एक श्रीमंत मुलगा, एक गरीब मुलगी, दोघांच्या मध्ये एक दुष्ट बाई, कुणाचं तरी झाकलेलं पाप, आणि शेवटच्या पानावर दारावर थाप. दार कोण वाजवतंय ते दुसऱ्या भागात. तो दुसरा भाग निघेपर्यंत बायका वेड्या व्हायच्या. पुस्तकाच्या मागच्या बाजूला हिचा फोन नंबर असायचा, आणि तो दिवसभर वाजत राहायचा. घराबाहेर पाऊल न टाकणाऱ्या बायका, सख्ख्या आईला सांगितलं नसेल ते हिला सांगायच्या. कुणाचा नवरा मारतो, कुणाची सासू जेवू देत नाही, कुणाचं लहानपणी कुणावर मन बसलं होतं. ही नुसती 'हं, हं' करत ऐकायची. ऐकून घ्यायचं कसब तिच्यात आहे, ते मी नाकारत नाही.

मालमनी लिहायला परवानगी दिली ती का, तर घराबाहेर जावं लागत नाही आणि साबण-तेलाचा खर्च निघतो. बाकीचे पुरुष मात्र नाकं मुरडायचे. मशिदीत बोलणं व्हायचं की ह्या पुस्तकांनी पोरी बिघडतात. आणि ज्यांच्या तोंडून हे निघायचं, त्यांच्याच बायका माझ्याकडून वड्यांच्या पुडीत पुस्तक गुंडाळून न्यायच्या. तेलाचे डाग पडलेली पुस्तकं अख्ख्या मोहल्ल्याच्या गाद्यांखाली असायची. तेव्हा माझे वडे चालायचे सगळ्यांना.

आता राबीचं सांगते, कारण सगळं तिच्यापायी झालं.

राबी ही लादिदीची पहिली मुलगी. पहिल्या मुलाच्या बाबतीत आमच्याकडे आईनं काय करायचं ते ठरलेलं आहे, ते म्हणजे काहीच करायचं नाही. त्याचं नाव घ्यायचं नाही, चारचौघांत जवळ घ्यायचं नाही, कौतुक नाही, काळजी नाही, लग्न ठरताना एक शब्द नाही. लाज म्हणतात याला. जिला पहिल्या मुलाची लाज नाही ती बाई कसली, असं म्हणतात. दूध तुटलं तशी राबी माझ्या खोलीत आली, माझ्या अंगाखांद्यावर वाढली. लादिदी तिला 'ती मुलगी' म्हणायची. एकदा राबीला गोवर निघाला, पोर तापानं फणफणली, मी उशाशी बसून होते, आणि लादिदी दारातसुद्धा आली नाही. अंगणात भांडी घासत बसली. एकच पातेलं सकाळपासून दुपारपर्यंत घासत होती. मी बाहेर येऊन म्हटलं, आग लागो तुझ्या त्या लाजेला. ती खाली मान घालून घासत राहिली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता, आजही होतो.

राबी शाळेच्या शेवटच्या वर्गात होती तेव्हा अल्हाजी साबितूची मागणी आली. अल्हाजी म्हणजे मालम ज्या कापडाच्या दुकानात काम करतात त्याचा मालक. मक्केला इतक्यांदा जाऊन आलेला की विमानवाले त्याला ओळखत असतील. रमजानात मालमचं रोजा सोडायचं ताट घेऊन राबी दुकानात गेली आणि ह्याच्या नजरेत भरली. मालम घरी आले ते जमिनीवर पाय टेकत नव्हते. "आपलं नशीब उघडलं," म्हणाले.

नशीब म्हणे. अल्हाजीच्या दोन बायका त्याच्या घरात वाळून वाळून मेल्या. तरण्याताठ्या, धडधाकट आल्या होत्या. तिसरीला अंगावर फोड उठले तशी त्यानं तलाक देऊन गावी धाडली. ते गाव माझ्या माहेराला लागून आहे. तिची आई मला भेटली होती एका बारशात. माझा हात धरून म्हणाली, "असाबे, डॉक्टर म्हणाला रक्तात आहे. नवऱ्याकडून आलंय. तो स्वतः लांबच्या शहरात जाऊन औषध घेतो, आणि माझ्या पोरीला त्यानं सांगितलंसुद्धा नाही." आमच्याकडे त्या आजाराचं नाव कुणी घेत नाही. 'तो आजार' म्हणतात आणि दुसरीकडे बघतात. एड्स. हे बघा, मी घेतलं नाव, जीभ गळून पडली नाही माझी.

मी सरळ मालमना सांगितलं. जेवण वाढता वाढता सांगितलं, कारण तेव्हा ते उठून जात नाहीत.

"निकाहाआधी रक्त तपासून घ्या दोघांचं. हल्ली इमामसुद्धा सांगतात."

"अल्हाजीला सांगू? माझ्या मालकाला? की तुमचं रक्त दाखवा?"

"तुम्हाला लाज वाटत असेल तर मी सांगते."

"तू कोण तिची?"

"मी कोण? तिला वाढवलं कुणी?"

मालमनी हात धुतले. "तुझ्या पोटची असती तर तिच्या भाग्याचा आनंद झाला असता तुला. वांझ बाईला दुसऱ्याचं बरं बघवत नाही."

हे असं म्हणाले. इतक्या वर्षांच्या संसारात इतक्या बेताच्या आवाजात त्यांनी मला कधी काही म्हटलं नव्हतं. मी ताट उचललं आणि आमटीसकट अंगणात फेकलं. कोंबड्यांनी खाल्ली आमटी. दुसऱ्या दिवशी ते जाऊन होकार देऊन आले.

मग मी लादिदीकडे गेले. ती उखळावर वही ठेवून बसली होती. मी म्हटलं, "तू बोल. तू जन्म दिलास. तुझं ऐकतील ते, तुझ्या कमाईवर साबण येतो त्यांचा."

"मी कशी बोलू, याया? पहिली आहे."

"पहिली आहे म्हणून मरू द्यायची?"

तिनं वही सरळ केली. पेन उचललं. पोरीला कबरीत ढकलायला निघालेत आणि ही बया प्रेमकथा लिहितेय. माझं डोकंच फिरलं. मी लाथ मारून उखळ पाडलं, वही उडाली, पेन घरंगळलं. लादिदीनं वही उचलली, फुंकर मारून धूळ काढली आणि मांडीवर ठेवून पुन्हा लिहायला लागली. त्यानंतर मी तिच्याशी बोलणं टाकलं. एका चुलीवर स्वयंपाक, पण तोंडातून शब्द नाही.

राबी माझ्या खोलीत उशीत तोंड खुपसून रडायची. तिला सगळं माहीत होतं, मीच सांगितलं होतं. "अम्मा, मी पळून जाऊ का?" म्हणायची. मी म्हणायचे, कुठे जाशील बाई.

पुस्तक आलं. 'थोरलीचं हसू, भाग पहिला.' मी बघितलंसुद्धा नाही. पण रेडिओवाल्याच्या हाती ते पडलं, आणि दुपार कलल्यावरच्या, असरच्या नमाजानंतर तो रोज एक तुकडा वाचायला लागला. गोड गळ्याचा माणूस आहे मेला, बायकांचे आवाज काढतो, रडतो, हसतो. आमच्या अंगणात शेजारणी जमायच्या, लेखिकेच्या घरी बसून ऐकायचं म्हणून. मी कढईशी होते. कान झाकून तर वडे तळता येत नाहीत.

तर त्या पुस्तकात एक थोरली बायको. ती चवळीचे वडे विकते. तिच्या पुढच्या दातांत फट आहे, म्हणून हसताना तोंडावर हात धरते. सवतीची मुलगी हिनंच वाढवलेली. आणि त्या मुलीला मागणी घालणाऱ्या श्रीमंत माणसाच्या रक्तात आजार आहे हे हिला ठाऊक आहे. ठाऊक असून ही लपवते, सवतीची मुलगी मरावी म्हणून. आणि नवऱ्यानं रक्त तपासायचं नाव काढू नये म्हणून गोरखचिंचेच्या पाल्याच्या आमटीत कसलीशी पूड घालते. नवऱ्याला भूल पडते. 'रक्त तपासायची काही गरज नाही,' म्हणते आणि ही हसते. तोंडावर हात धरून.

अंगणातल्या सगळ्या बायकांनी वळून माझ्याकडे बघितलं. आणि माझा हात तेव्हा, तुम्हाला सांगते, माझ्याच तोंडावर होता.

त्या दिवसापासून माझे वडे पडून राहायला लागले. पोरं दारावरून जाताना 'थोरली हसली रे' म्हणून पळायची. रोज सकाळी माझ्याकडे वडे घेणारी शेजारीण ताबावा, तिनं माझी वाटी धुवून परत पाठवली, तीसुद्धा दुसऱ्याच्या हाती. लादिदीचा फोन तर थांबायचं नाव घेईना. बायका रडून सांगायच्या, त्या राक्षसिणीला भाग दोनमध्ये चांगली शिक्षा द्या, तिचे हात झडू द्या, तिला कुत्री खाऊ देत.

एक दिवस ताबावा स्वतः आली. दारातच उभी राहिली, आत यायला भीती. बोट नाचवत म्हणाली, "असाबे, पोरीचं लग्न लावण्याआधी रक्त तपासून घे. अल्ला बघतोय वरून."

"मी घेऊ? मीच तर घसा फोडून सांगत होते."

"पुस्तकात सगळं आलंय."

"बरं, आणि पुस्तकातला तो माणूस? तो कोण असेल, काही वाटतं तुला?"

"तो बिचारा काय करणार? आजार काय कुणी मागून घेतं? वाईट ती बाई."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. अख्ख्या शहरानं मला ओळखलं, दातातल्या फटीसकट ओळखलं, आणि दोन बायका पुरून तिसरी हाकलून चौथी करायला निघालेला माणूस कुणाला दिसला नाही. अल्हाजीनं स्वतः दुकानात बसून ऐकलं पुस्तक. मालमच सांगत होते कौतुकानं. ऐकून म्हणाला, काय एकेक नीच बायका असतात.

त्या दिवशी मी अबोला मोडला. लादिदीच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

"मी काय वाकडं केलं तुझं? सांग. तुझी पोर वाढवली, तुझी बाळंतपणं काढली, तुझं दळण-कुटण केलं. आणि मी विष घालते?"

ती उभी राहिली. हात बांधून, मोठ्यांसमोर उभं राहतात तशी. "याया, मी माणूस वाईट दाखवला असता तर मालमनी वही फाडली असती. छापणारा घाबरला असता. रेडिओवाल्यानं हातसुद्धा लावला नसता. थोरली वाईट असली की सगळे ऐकतात. नेहमीच ऐकतात."

"मग दुसरी कुठली थोरली नव्हती? तिला फट नसलेले दात देता आले नसते?"

"मग हे घर कुणी ओळखलं नसतं. घर ओळखलं नाही तर त्या मुलीचं लग्न कुणी ओळखणार नाही." तिचा आवाज बारीक झाला. "मला त्या मुलीसाठी तोंड नाही, याया. मरेपर्यंत नाही. तुमचं होतं, ते मालमनी बंद केलं. आता निदान दारोदार बायका म्हणतायत की रक्त तपासा."

"मला म्हणतायत. मला."

"हो."

"मला आधी विचारायचं होतंस."

"तुम्ही नाही म्हणाला असतात."

"म्हणालेच असते. थोबाडीत दिली असती तुझ्या."

"म्हणून नाही विचारलं."

मी तिला थोबाडीत दिली नाही. का दिली नाही कुणास ठाऊक. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. मी दार उघडून बाहेर आले आणि दिवसभर कढई घासली.

मग कपड्यांच्या पेट्या आल्या. नवऱ्याकडच्या बायका नवरीचे कपडे भरलेल्या पेट्या घेऊन येतात, त्या उघडून सगळ्यांना दाखवतात, आमच्याकडच्या आत्या-मावश्या बघतात, जिभा वळवून हाळ्या देतात. त्या स्वीकारल्या की लग्न पक्कं. नवरीच्या आयांनी त्या वेळी आत बसायचं, पेट्यांकडे बघायचंसुद्धा नाही. जन्म देणारीनंही नाही, वाढवणारीनंही नाही. अल्हाजीची थोरली बहीण हाजिया गंबो सगळ्यांच्या पुढे. हातात सोनं, डोक्याला ताठ कापड, आणि मागे पेट्यांची रांग. अंगणात मुंगी शिरायला जागा नव्हती.

मी आत बसले होते, आणि बसल्या बसल्या मला वाटलं, मी कशाला बसलेय? लाज कुणाची राखतेय? अब्रू असते तिनं अब्रू सांभाळावी. माझी तर ह्या शहरानं वड्यांबरोबर तळून खाल्ली. चांगल्या बाईनं जे करायचं नाही ते सगळं मला मोकळं होतं. मी तेल तापवलं, ताजे वडे काढले, परातीत रचले, वर तिखट भुरभुरलं, आणि बाहेर जाऊन परात हाजिया गंबोच्या पुढे ठेवली.

पेट्यांभोवतीच्या बायका मागे सरकल्या.

"खा ना," मी म्हटलं. "लांबून आलात."

हाजियानं परातीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "आम्ही जेवून आलोय."

"एक घ्या. गरम आहेत."

"नको म्हटलं ना."

"का? पुस्तकात लिहिलंय म्हणून?" मी एक वडा उचलला आणि त्यांच्यासमोर खाल्ला, मग दुसरा खाल्ला. "बघा, हाजिया. एका बाईनं वहीत लिहिलेल्या विषाला तुम्ही इतक्या घाबरता की चवळीचा वडा तोंडात घालवत नाही. आणि माझ्या पोरीला मी तुमच्या भावाच्या बिछान्यावर पाठवू? दोघींना पुरलंत, ते काही वहीत नव्हतं. तिसरी गावी पडली आहे, तिची आई मला भेटली आहे. पेट्या तुमच्या सुंदर आहेत. त्याच्यात भावाच्या रक्ताचा तपास ठेवा, मग मी स्वतः हाळी देते."

"ही बाई शुद्धीवर आहे का?" हाजिया उभी राहिली. "रक्त तपासायची काही गरज नाही. आमच्या घराण्यात असलं काही करत नाहीत."

आणि तिथे ती फसली. कारण 'रक्त तपासायची काही गरज नाही' हे वाक्य अंगणातल्या प्रत्येक बाईनं रेडिओवर ऐकलं होतं. पुस्तकातली थोरली तेच म्हणते, अगदी त्याच शब्दांत. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. ताबावाच पहिली बोलली, "तपासायला काय हरकत आहे, हाजिया?" मग दुसरी बोलली, मग सगळ्याच. हाळी द्यायला आलेल्या आमच्या आत्याबाईंनी जीभ आत घेतली आणि पेटीचं झाकण आपल्या हातानं लावलं.

पेट्या परत गेल्या. अल्हाजीनं निरोप धाडला की चेटकिणीच्या घरातली मुलगी मला नकोच आहे, आणि मालमना दुकानातून काढून टाकलं. मालमनी माझ्या खोलीत पाय ठेवणं सोडलं. तलाक देतो म्हणाले, पण दिला नाही. हल्ली अंगणात खुर्ची टाकून बसतात आणि लादिदीच्या पुस्तकांवर जेवतात. ज्या पुस्तकांनी पोरी बिघडतात म्हणे, त्याच पुस्तकांवर. राबी परिचारिका व्हायला शिकते आहे. लादिदीनं तिचं नाव अजून एकदाही घेतलेलं नाही. पेट्या गेल्या त्या संध्याकाळी तिनं माझी बाजरी कुटली आणि माझे पाय चेपले. मला तेवढं पुरलं असं समजू नका. मला राग आहे तो आहेच.

दुसरा भाग निघाला. मी लादिदीला म्हटलं होतं, त्या थोरलीचं काही बरं कर आता. ती म्हणाली, याया, बायका ऐकणार नाहीत. छापणाराही म्हणाला, थोरली सुटली तर पुस्तक बुडालं. त्यामुळे भाग दोनमध्ये मी वेडी होते, बाजारात उघडी फिरते, आणि नाल्यात मरते. फार खपला तो भाग.

आणि बाजरीची कापणी होते न होते तोच कळलं की अल्हाजी साबितूनं दुसरी मुलगी बघितली. शहराच्या दुसऱ्या टोकाला, जुन्या वेशीजवळ. निकाह त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी होता. मी लादिदीला सांगितलं. तिनं पेन खाली ठेवलं.

"त्या मुलीला आई आहे?"

"आहे. पहिलीच मुलगी तिची."

"म्हणजे ती बोलणार नाही," लादिदी म्हणाली.

मी मोठी ओढणी डोक्यावरून घेतली आणि निघाले. मालमना विचारलं नाही. त्यांनी खुर्चीवरून 'कुठे' म्हटलं, मी उत्तर दिलं नाही. दोन रिक्षा बदलून, विचारत विचारत ते घर गाठलं. दारातच एक बाई तांदूळ निवडत बसली होती. चेहऱ्यावरूनच कळलं, मुलीची आई. इतकी वाळलेली, इतकी गप्प. मी तिच्यापुढे गुडघे टेकले. सगळं सांगितलं. दोन कबरी, तिसरीची आई, लांबच्या शहरातलं औषध. आवाज चढवला नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाशी इतकी हळू बोलले असेन.

ती ऐकत होती. हात थांबले होते तिचे. मला वाटलं, पोचलं.

मग तिनं विचारलं, "तुम्ही कोण?"

मी म्हटलं, "असाबे."

"कुठली असाबे?" ती माझ्या दातांकडे बघत होती. तिच्या मागे, चटईवर, पुस्तक पडलेलं होतं. भाग दुसरा. "तुम्ही त्या थोरली ना? लेखिकेच्या घरातल्या?"

"ते पुस्तक आहे, बाई. ते खोटं आहे. मी सांगतेय ते खरं आहे."

"तुम्ही तुमच्या पोरीचं सोन्यासारखं लग्न मोडलंत," ती म्हणाली. "आता माझ्या दारात आलात. मी तुमचं काय वाकडं केलंय? तांदळाला हात लावलात का? लावलात का हात?" तिनं सूप उचललं, सगळे तांदूळ गल्लीत ओतून टाकले, आणि आत जाऊन दार लावलं.

मी दारावर थापा मारल्या. हळू बोलणं संपलं होतं. मी ओरडले, रक्त तपासा, अगं आधी रक्त तपासा. आत मुलीला मेंदी लावत होत्या. गाणं थांबलं, मग आतल्या बायकांनी तेच गाणं आणखी मोठ्यानं म्हणायला सुरुवात केली.